पाच फेऱ्यांनंतर थांब

आधीच सांगून टाकते, मला माझ्या हातांवर भरवसा आहे. कुणाला तो तोरा वाटला तर वाटू दे. पुण्याच्या लॅबमध्ये गेले तेव्हा काचेच्या पट्टीवर डीएनएचा एक सुटा धागा उभा करायला भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत होते. मला ते तिसऱ्या दिवशी जमलं. पीएचडीच्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "आधी कुठे केलंयस का हे?" मी म्हटलं, "नाही, पण दोर वळलेत." त्या हसल्या, त्यांना ती गंमत वाटली. मी मात्र खरंच सांगत होते.

ओतूरच्या पुढे आमचं गाव. कांदा, ऊस, थोडा भुईमूग, आणि आप्पांचे दोर. आप्पा म्हणजे माझे वडील. नायलॉन आल्यापासून दोर वळणारे आमच्याकडे दुर्मीळ झाले, पण बैलगाडा पळवणारे शौकीन अजून आमच्या दारात येतात. नायलॉन बैलाच्या मानेला कापतो, घायपाताचा दोर कापत नाही. यात्रांचे दिवस आले की जुन्नरपासून आंबेगावपर्यंतचे गाडामालक आप्पांना फोन करतात, आणि मग आप्पा जो भाव खातात तो बघण्यासारखा असतो. तो स्वभाव माझ्यातही उतरलाय, आई उठताबसता हेच ऐकवते.

माझं काम काय, ते एकदा नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळजवळ दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात मावतो ते नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. मावतो कसा? प्रथिनांच्या चिमुकल्या रिळांवर गुंडाळून. प्रत्येक रिळावर पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ. आता या धाग्यावरचा मजकूर वाचायचा तर पेशीतलं वाचणारं यंत्र त्याचे दोन पदर फाकवत पुढे सरकतं. घरात एखादा जाडसर दोर असेल तर मधेच पदर फाकवून बोट घाला आणि पुढे रेटा. बोटाच्या पुढे पीळ घट्ट होत जातो, मागे सैल पडतो. पेशीत हे सतत चालू असतं. मग पुढे साठलेला पीळ जातो कुठे? रिळं तो सोसतात की अडून बसतात? माझी चार वर्षं या एका प्रश्नात गेली.

प्रयोग दिसायला साधा आहे. धाग्याचं एक टोक काचेला पक्कं, दुसरं टोक एका बारीक मण्याला. मणी चुंबकाला ओढला जाणारा. वर चुंबक टांगलेला. चुंबक फिरवला की मणी फिरतो आणि धाग्याला पीळ बसतो. पीळ जास्त झाला की धागा स्वतःभोवती वेटोळी घालतो, आखूड होतो, आणि मणी खाली येतो. किती फेऱ्यांना किती खाली आला, ते सूक्ष्मदर्शकातून मोजायचं. बस्स.

नुसता डीएनए असला तर थोड्या फेऱ्यांतच मणी खाली यायला लागतो. पण रिळं चढवलेला माझा धागा फेऱ्यांमागून फेरे घेत राहायचा आणि मणी जागचा हलत नसे. रिळांवरचे वेढे जरा सैल व्हायचे, काही रिळं तर चक्क उलट्या अंगाने वळायची, आणि पीळ पोटात घालायची. पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच मोठ्यांदा "आयला!" म्हणाले होते. इतका आनंद मला दहावीच्या निकालानेही झाला नव्हता.

मग आमच्या लॅबमध्ये एक नाशिककर आला. पोरगा हुशार, कॉम्प्युटरवर भारी हात. मी चुंबकाचा एकेक फेरा बटण दाबून द्यायचे, त्याने प्रोग्रॅम लिहून चुंबक आपोआप फिरता केला. तोच डीएनए, तीच रिळं, तेच मीठपाणी. आणि त्याचा मणी माझ्यापेक्षा निम्म्या फेऱ्यांतच खाली यायला लागला. एकदा नाही, रोज. त्याच्या आलेखात रिळं अडून बसत होती, माझ्या आलेखात सोसत होती.

मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेच जास्त लागतं.

"तुझ्या धाग्याचा एक पदर तुटका असेल," त्या म्हणाल्या. "तुटका असला की पीळ निसटतो, बसतच नाही."

"तुटका असता तर मणी कधीच खाली आला नसता," मी म्हटलं. "माझा येतो. उशिरा येतो, पण येतो. आणि प्रत्येक धागा मी आधी तपासून घेते."

"मग फरक कशाचा?"

"त्याच्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी घोळ असणार."

उचलली जीभ लावली टाळ्याला! पुढच्या चार दिवसांत नाशिककराने प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासून दाखवला, एक चूक निघाली नाही. मॅडमनी सांगितलं, समितीची बैठक दहा दिवसांवर आहे. फरकाचं कारण सापडलं नाही तर हे प्रकरण प्रबंधातून काढावं लागेल. ते काढलं तर प्रबंधात उरत काय होतं? पुठ्ठा! चार वर्षं बटण दाबून माझ्या बोटाला घट्टा पडला होता, आणि आता मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. तोंड धुतलं, बाहेर आले, आणि नाशिककराला म्हटलं, "माझंच बरोबर आहे." तो म्हणाला, "असेल, पण का?"

त्यातच आईचा फोन. ती गोठ्यात घसरून पडली होती, मनगटाला प्लास्टर घातलं होतं. "मला काई झालं नाई, पन आप्पांचे दोर अडलेत. यात्रा चार दिसांवर आली. फळी फिरवायला घरात कोन न्हाई. शनिवार-रविवार येतीस का?" माझ्या डोक्याला ताप, आणि इथे यांना दोर! पण लॅबमध्ये बसून तरी काय दिवे लावणार होते? शनिवारी पहाटेची एसटी धरली. खिडकीतून लेण्याद्रीचा डोंगर दिसला आणि मला अजूनच रडू आलं.

दोर वळायची आमची तऱ्हा अशी. अंगणाच्या एका टोकाला रोवलेल्या फळीत तीन लोखंडी आकडे. त्यांच्या मागच्या मुठी दुसऱ्या एका सुट्या फळीत अडकवलेल्या. ती सुटी फळी दोन्ही हातांनी गोल फिरवली की तिन्ही आकडे एकदम फिरतात आणि तीन पेडांना पीळ बसतो. दुसऱ्या टोकाला तिन्ही पेड एका भोवरकडीला बांधलेले, ती दोराबरोबर आपली आपण फिरते. मधे आप्पा, हातात तीन खाचांचा लाकडी ठोकळा. पीळ भरत आला की ते ठोकळा धरून सावकाश माझ्याकडे चालत येतात आणि त्यांच्या मागे दोर तयार होत जातो. फळी फिरवायचं काम मी सात वर्षांची असल्यापासून करतेय. मी पुण्याला गेल्यावर ते आईकडे, नाहीतर शेजारच्या काकांकडे आलं.

त्या दिवशी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नाशिककरावरचा राग, मॅडमवरचा राग, सगळा फळीवर निघत होता. मी अशी फिरवली की एका पेडाने टुणकन वेटोळं घातलं.

"अगं ए!" आप्पा ओरडले. "कुनी मागं लागलंय का? सोड, सोड मागं."

आई ओट्यावर प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून बसली होती. ती म्हणाली, "पुन्याहून पीळ घेऊनच आलीय ती. सुंभ जळंल पन पीळ जायचा न्हाई, बापावर गेलीय."

मी वेटोळं सोडवलं आणि पुन्हा सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच.

"थांब," आप्पा म्हणाले.

मी थांबले. फळी तशीच धरून उभी राहिले. शेतात कुठेतरी मोटर चालू होती, आईने शेंगा फोडायला घेतल्या होत्या. थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, "हं, चल." पुन्हा पाच. पुन्हा "थांब." लहानपणापासून हे असंच. लहानपणी मी एकदा विचारलंही होतं की कशाला थांबायचं, तेव्हा ते म्हणाले होते, "दोरासाठी. पीळ मुराया येळ द्यावा लागतोय." त्यानंतर मी कधी विचारलं नाही. श्वास घ्यायचा असतो तसं पाच फेऱ्यांनंतर थांबायचं असतं, एवढंच मला ठाऊक.

तिसऱ्या की चौथ्या थांब्याला मी माझ्या हातांकडे पाहिलं. उजव्या हाताचं पहिलं बोट फळीच्या कडेवर टेकलेलं होतं. लॅबमध्ये बटणावर टेकलेलं असतं तसंच.

"आप्पा," मी म्हटलं, "किती वेळ थांबायचं असतं?"

"त्ये काय घड्याळ लावून करायचं असतंय व्हय? थांब म्हनलं की थांबायचं, चल म्हनलं की चालायचं."

मी फळी सोडली. सरळ सोडली! तिन्ही पेड भर्रकन उलगडले आणि आप्पांच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. मी पळत घरात गेले, लॅपटॉप काढला आणि माझ्या जुन्या फाइली उघडल्या. आम्ही आलेख काढतो तो फेऱ्यांचा आणि उंचीचा. वेळ कुणी पाहत नाही, पण कॉम्प्युटर ती एका कोपऱ्यातल्या रकान्यात निमूटपणे नोंदवत असतो. मी तो रकाना वाचला. पाच फेरे, मग अर्धा मिनिट काही नाही. पाच फेरे, मग अर्धा मिनिट काही नाही. चार वर्षं, प्रत्येक धाग्याला. नाशिककराचा प्रोग्रॅम मात्र न थांबता भराभरा फिरत होता. रिळांना वेढे सैल करायला, अंग वळवायला वेळ लागत असेल, तर तो माझ्या प्रयोगात मिळत होता आणि त्याच्या प्रयोगात मिळत नव्हता. आम्ही दोघंही बरोबर होतो.

आनंदाने नाचावंसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. कारण माझ्या वहीत त्या थांबण्याचा एक शब्द नव्हता. मीठ किती, तापमान किती, धागा कोणत्या तारखेचा, सगळं सुवाच्य अक्षरात. थांबले हे लिहिलंच नाही, कारण थांबणं म्हणजे काही करणं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. आमच्याकडे कुणाला विचारा, दोर कसा वळतात? फिरवायचं कसं, धरायचं कसं, चालायचं कसं, सगळं सांगतील. थांबायचं कुणी सांगणार नाही. प्रयोग करणाऱ्या माणसाने पायरी लिहायची विसरणं ही लाजेची गोष्ट आहे, आणि मी ती चार वर्षं रोज विसरत होते. वर दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला नावं ठेवून मोकळी झाले होते.

बाहेर आले तर आप्पा पेडांचा गुंता सोडवत बसले होते. मी शेजारी बसले आणि सोडवू लागले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सापडलं." ते म्हणाले, "मंग आता फळी धर, लई खोळंबा केलास." रविवार दुपारपर्यंत आम्ही चार दोर पुरे केले आणि मी एसटीत बसले.

सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा नाशिककरासमोर उभी राहिले. "तुझा प्रोग्रॅम चोख आहे. मी चुकीचं बोलले, माफ कर." तो इतका चकित झाला की त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. मग आम्ही दोघांनी मिळून तो प्रोग्रॅम बदलला. एकच धागा, त्याला आधी न थांबता पीळ द्यायचा, मग उलट फिरवून सोडवायचा, विसावू द्यायचा, आणि मग थांबत थांबत द्यायचा. दुसऱ्या धाग्याला आधी थांबत, मग न थांबता. थांबण्याची वेळ कमी करायची, वाढवायची. पाच दिवस आम्ही जेवायलाही आळीपाळीने उठत होतो. प्रत्येक वेळी तेच. न थांबता दिलं की मणी लवकर खाली, थांबून दिलं की रिळं पीळ पोटात घेणार. जितकं जास्त थांबावं तितका जास्त पीळ सोसणार, एका मर्यादेपर्यंत. आणि थांबणं माझ्या हातात नव्हतंच आता, प्रोग्रॅम थांबत होता. माझ्या हाताची लहर म्हणायला कुणाला जागाच उरली नाही.

समितीपुढे मी पहिल्याच पानावर लिहून दाखवलं: माझ्या नोंदींमधून एक पायरी राहून गेली होती. हे भराभरा म्हणून टाकलं, खोटं कशाला बोलू? पुढचं सगळं मात्र ठणकावून सांगितलं. एका वयस्कर परीक्षकांनी आलेख जवळ ओढला. मग म्हणाले, "राहिलेली पायरीच तर सगळ्यात महत्त्वाची निघाली. हे थांबण्याचं तुम्हाला सुचलं कुठून? कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही, सर. माझे वडील दोर वळतात. पीळ मुरायला वेळ द्यावा लागतो, हे त्यांनी मला मी सात वर्षांची असताना शिकवलं."

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. बैठक संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे प्रबंधात लिही. आभारात नुसतं 'आई-वडिलांचे ऋण' नको, नेमकं लिही." मी नेमकं लिहिलं. 'पीळ मुरण्यास वेळ लागतो, हे ज्यांनी मला दोर वळताना शिकवले, त्या माझ्या वडिलांस.' प्रबंध छापून झाला, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. मी आयुष्यात कुठलीही गोष्ट इतकी मिरवली नसेल.

तो घेऊन मी गावी गेले. आप्पा अंगणात ठोकळा घासत होते. आई प्लास्टर काढलेल्या हाताने चहा घेऊन आली. मी आधी त्यांना रिळांचं समजावलं, मग पिळाचं, मग थांबण्याचं. मग ते पान उघडून वाचून दाखवलं. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि आधी आईकडे पाहिलं, मग हसायलाच लागले. आईही तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं?" मी चिडले.

"अगं, पिळासाठी कशाला थांबाया लागतंय?" आप्पा म्हणाले. "तुजी आई फिरवती, शेजारचा फिरवतोय, त्यांला मी कवा थांब म्हनतो का? इचार."

"न्हाई म्हनत," आई म्हणाली. "माजा खांदा मोडंस्तवर फिरवून घेत्यात."



"तू सात वर्सांची व्हतीस," आप्पा म्हणाले. "फळी तुज्यापरीस मोठी. पाच फेरं झालं की तुजं दंड थरथरायचं, मला तिकडनं दिसायचं. पन बस म्हनलं की तू म्हनायचीस, 'मी दमले नाय.' लई हट्टी. रडंल, पन फळी सोडायची न्हाई. म्हनून म्हनलं, दोरासाठी थांब. दोरासाठी म्हनलं की थांबायचीस. मंग सवयच लागली मला. आता बी तू फळी धरलीस की तोंडातनं निघतंच."

समितीपुढे ठणकावून सांगितलेलं, सोनेरी अक्षरांच्या आत छापून गेलेलं माझं वाक्य चुकीचं होतं. दोराचं खोटं निघालं, पेशीचं मात्र खरं निघालं, कारण ते मोजलेलं होतं. त्या गोष्टीवर माझा आजही शंभर टक्के भरवसा आहे. पण माझा तो थांबणारा हात, ज्याच्यावर मी एवढी मिजास करत आले, तो माझा नव्हताच. अंगणाच्या पलीकडून कुणीतरी माझे दंड पाहत होतं.

आईने प्रबंध पदराने पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. आप्पा उठले. "चल, आलीच हाईस तर एक कासरा वळून टाकू." मी फळी धरली, ते ठोकळा घेऊन पलीकडे गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. या खेपेला मी दोराकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे पाहिलं. ठोकळा धरलेलं त्यांचं मनगट थरथरत होतं. कधीपासून थरथरत असेल कोण जाणे, मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी तोंड उघडायच्या आत मी फळी थांबवली.

"थांबा, आप्पा."

"मी काय दमलो न्हाई," ते म्हणाले.

"तुम्हाला कोण म्हणतंय?" मी म्हटलं. "दोरासाठी थांबा."